सुरईवरचे एकमेव फ्रेंच नाव

दर वर्षी जुलै महिन्यात, ब्रिटनच्या किनाऱ्यावरच्या एखाद्या वाळूभरल्या, वारा खाणाऱ्या मैदानावर गोल्फमधली सर्वांत जुनी मोठी स्पर्धा, म्हणजे ओपन, संपते. विजेत्याच्या हाती चांदीची एक लांब मानेची सुरई देतात. तिला रीतसर नाव आहे, पण गोल्फच्या जगात ती 'क्लॅरेट जग' म्हणूनच ओळखली जाते. क्लॅरेट म्हणजे फ्रान्समधल्या बोर्दो भागातली तांबडी वाइन; हे नाव तिला इंग्रजांनी दिलेले. सुरई वाइनची, वाइन फ्रान्सची आणि स्पर्धा १८६० पासून चाललेली. एवढ्या वर्षांत या सुरईवर फ्रेंच माणसाचे नाव किती वेळा कोरले गेले असेल? फक्त एकदा. साल १९०७, नाव आर्नो मासी.

पुढच्या पानांत ज्याच्या कारकिर्दीचा शोध घ्यायचा आहे, तो हाच माणूस. ब्रिटनबाहेरच्या खेळाडूने ओपन जिंकण्याची ती पहिली वेळ होती. युरोपच्या मुख्य भूमीवरचा दुसरा विजेता मिळायला त्यानंतर ७२ वर्षे लागली. १९७९ साली स्पेनच्या सेव्हे बालेस्तेरोसने ती सुरई उचलली तेव्हा मासीला जाऊन २९ वर्षे झाली होती. फ्रान्सला तर पुरुषांच्या चार प्रमुख स्पर्धांपैकी एकही विजेतेपद त्याच्यानंतर आजवर मिळालेले नाही.

विक्रमांच्या यादीत मासी नेहमी असा एका ओळीत भेटतो. 'पहिला', 'एकमेव', आणि पुढे पूर्णविराम. हे विशेषण खरे असले तरी त्याने माणूस झाकला जातो. एका आठवड्याच्या पराक्रमाखाली तीस वर्षांचे काम दबून गेले आहे, आणि ते काम त्या आठवड्याइतकेच मोलाचे आहे.

गोल्फ फ्रान्समध्ये आला तो पाहुण्यांच्या सामानातून. पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी पो नावाचे शहर आहे. तिथली हवा छातीच्या विकारांवर गुणकारी, असा समज एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये पसरला आणि हिवाळा काढायला तिथे ब्रिटिश कुटुंबांची रीघ लागली. माणसे आली तशा काठ्या आणि चेंडूही आले. १८५६ मध्ये पो इथे गोल्फ क्लब स्थापन झाला. युरोपच्या मुख्य भूमीवरचा तो सर्वांत जुना. इथे मराठी वाचकाने एक तारीख शेजारी ठेवून पाहावी. मुंबईतला गोल्फ क्लब १८४२ चा आणि कलकत्त्याचा १८२९ चा. खाडी ओलांडून शेजारच्या फ्रान्समध्ये जायच्या आधी हा खेळ जहाजात बसून आपल्याकडे पोहोचला होता. ब्रिटिश माणूस जिथे दीर्घ मुक्काम करी तिथे तो गोल्फ नेई. राज्य करायला गेला असो की हवापालटाला. स्थानिक लोकांच्या वाट्याला मात्र दोन्हीकडे सारखीच भूमिका आली : ओझे उचलणे.

पोपासून पश्चिमेला, अटलांटिकच्या काठावर बियारित्झ आहे. बास्क मुलखातले हे एके काळी देवमाशांची शिकार करणाऱ्यांचे गाव. तिसऱ्या नेपोलियनने १८५० च्या दशकात आपल्या राणीसाठी, युजेनीसाठी, तिथे समुद्राकाठी महाल बांधला आणि गावाचे नशीब पालटले. राजेरजवाडे येऊ लागले. इंग्लंडचा सातवा एडवर्ड तिथे इतका रमायचा, की १९०८ साली नव्या पंतप्रधानांना, अॅस्क्विथना, नेमणूक स्वीकारण्यासाठी लंडन सोडून बियारित्झला जावे लागले. अशा गावात १८८८ मध्ये दीपगृहाजवळच्या कड्यांवर गोल्फचे मैदान आखले गेले. आखणारे डन बंधू स्कॉटिश. त्यांनी कड्यामधल्या दरीवरून चेंडू पार करायला लावणारा एक होल तिथे केला होता. त्यावरून स्फुरलेल्या, मधून खोल पन्हळ गेलेल्या हिरवळीला अमेरिकेत आजही 'बियारित्झ' म्हणतात. मूळ होल कधीच नाहीसा झाला, गावाचे नाव तेवढे परदेशी मैदानांवर उरले.

हे मैदान तयार झाले तेव्हा आर्नो मासी अकरा वर्षांचा होता. जन्म ६ जुलै १८७७, बियारित्झचाच. वडील मेंढपाळ शेतकरी. मुलगा सार्डिन पकडणाऱ्या होडीवर काम करायचा आणि मासेमारीतून सुटलेल्या वेळेत साहेबांच्या पिशव्या उचलायला मैदानावर जायचा. पिशवी उचलणाऱ्या पोराला आपण कॅडी म्हणतो. कॅडीचे काम वरवर हमालीचे वाटते, पण त्याला दिवसभर एकच पाहायचे असते : चेंडू कुठे पडला. त्यामुळे कोणत्या फटक्याने चेंडू कसा वळतो, वारा कुठून आला तर किती फरक पडतो, ओल्या गवतावर तो किती घरंगळतो, हे सारे त्याच्या डोळ्यांत साठत जाते. बियारित्झला हिवाळ्यात ब्रिटनचे नामांकित व्यावसायिक खेळाडूही येत. थंडीत तिकडे काम नसे आणि इकडे श्रीमंतांना शिकवून चार पैसे मिळत. फी भरून शिकणाऱ्या उमरावांनी त्यांच्याकडून जेवढे घेतले नसेल, तेवढे त्या कॅडी पोरांनी काठावर उभे राहून घेतले. मासी सुरुवातीला डावखुऱ्यासारखा खेळत असे. पुढे तो उजव्या हाताने खेळू लागला. घडलेला हात मोडून दुसरा घडवायचा हे किती कठीण, ते बॅट किंवा तबला हाती धरलेल्या कुणालाही कळेल.

'व्यावसायिक गोल्फपटू' हे शब्द आज उच्चारले की खासगी विमान, करोडोंचे करार आणि टोपीवरची जाहिरात डोळ्यांसमोर येते. हे चित्र बाजूला ठेवल्याशिवाय मासीची कारकीर्द समजणार नाही. त्या वेळी व्यावसायिक म्हणजे क्लबचा नोकर. तो काठ्या बनवी, मोडलेल्या दुरुस्त करी, चेंडू विके, सभासदांना शिकवी आणि अनेक ठिकाणी गवताचीही निगा राखी. क्लबच्या मुख्य इमारतीत त्याला सभासदासारखा प्रवेश नसे. उत्तम खेळत असला तरी तो 'मिस्टर' नसे. ती उपाधी हौशी खेळाडूंसाठी राखलेली. हॅरी व्हार्डन मुळात माळीकाम करणारा, जेम्स ब्रेड सुतार, जे. एच. टेलर मैदानावर राबलेला. त्या काळच्या सर्वश्रेष्ठ तिघांची ही पार्श्वभूमी. टेलरच्या पुढाकाराने १९०१ साली ब्रिटनमधल्या व्यावसायिकांची संघटना उभी राहिली, तेव्हा कुठे या कारागीर वर्गाला आपले म्हणणे मांडायला जागा मिळाली. मासी याच वर्गातला. फरक इतकाच, की त्याला हा धंदा परक्या भाषेत शिकायचा होता.

१८९८ मध्ये एकविशीच्या उंबरठ्यावर तो स्कॉटलंडला गेला. बियारित्झला येणाऱ्या श्रीमंत मंडळींपैकी काहींना त्याचा हात दिसला होता आणि त्यांच्या आधारावर हे जाणे घडले. मुक्काम नॉर्थ बेरिक. एडिंबरोच्या पूर्वेला, फर्थ ऑफ फोर्थच्या तोंडाशी वसलेले हे गाव म्हणजे गोल्फची पाठशाळाच. उंचीने लहान पण खेळात चिवट असा बेन सेयर्स तिथलाच. उन्हाळ्यात निम्मे लंडन तिथे उतरायचे, त्यामुळे शिकवण्याचे काम मिळायचे आणि मोठ्या खेळाडूंशी पैजेचे सामने व्हायचे. तिथल्या मैदानात दगडी भिंती आडव्या येतात, समुद्र जवळजवळ पायाला लागतो, आणि वारा ठरवतो की आज कुठली काठी काढायची. बियारित्झच्या कड्यांवर वाढलेल्या मुलाला वाऱ्याची भीती नव्हतीच. तो वापरायचा कसा, हे स्कॉटलंडने शिकवले. त्याने नॉर्थ बेरिकच्याच मुलीशी लग्न केले. पुढची कित्येक वर्षे हिवाळा फ्रान्समध्ये आणि उन्हाळा स्कॉटलंडमध्ये असा त्याचा प्रपंच चालला.

त्याच्या खेळाचे वर्णन करणारे एका गोष्टीपाशी हमखास थांबत. काठी मागे नेऊन वर पोहोचली, की खाली आणण्याआधी तो तिला हवेत एक छोटीशी गिरकी देई. शिकवणाऱ्याने चूक म्हणून खोडून काढावी अशी ती लकब होती, पण मासीच्या हाती चेंडूवर येईपर्यंत सारे जागेवर असे. अंगाने भरदार, खांदे रुंद, चालण्यात थोडा लष्करी रुबाब. आणि एवढ्या ताकदवान माणसाचा खरा आधार होता हिरवळीवरचा हलका हात. होलजवळच्या छोट्या फटक्यांत, ज्याला गोल्फमध्ये पटिंग म्हणतात, तो फार पक्का होता.

गोल्फ न खेळलेल्या वाचकासाठी एवढेच सांगणे पुरे : क्रिकेटमध्ये जास्त धावा करणारा जिंकतो, इथे कमीत कमी फटक्यांत १८ होल पुरे करणारा. ओपनमध्ये अशा चार फेऱ्या असतात, म्हणजे ७२ होल. आज त्या चार दिवसांत खेळतात. तेव्हा दोन दिवसांत उरकत, दिवसाला दोन फेऱ्या.

मासीने ज्या काळात या स्पर्धेवर दावा सांगितला तो काळ लक्षात घेतल्याशिवाय त्याच्या विजयाचे माप कळत नाही. १८९४ ते १९१४ या काळात २१ वेळा ओपन झाली. त्यांपैकी १६ विजेतेपदे व्हार्डन, टेलर आणि ब्रेड या तिघांनी आपसांत वाटून घेतली. उरलेल्या पाचांवर पाच वेगवेगळी नावे आहेत. चार ब्रिटिश : हॅरल्ड हिल्टन, सँडी हर्ड, जॅक व्हाइट, टेड रे. पाचवे मासीचे. या त्रिकुटाच्या अमलात एकदा जिंकणे हेच आयुष्यभराचे भांडवल होते.

तयारी आधीच दिसत होती. १९०२ मध्ये होयलेक इथल्या ओपनमध्ये तो पहिल्या दहांत आला. ती स्पर्धा सँडी हर्डने जिंकली आणि गोल्फच्या इतिहासात ती चेंडूमुळेही लक्षात राहिली. तोवर चेंडू गटापर्चा या झाडाच्या चिकापासून बनत. हर्डने रबराच्या धाग्यांचा गाभा असलेला नवा अमेरिकी हॅस्केल चेंडू वापरला, आणि जुना चेंडू बघता बघता इतिहासजमा झाला. मासी घडला जुन्या चेंडूवर आणि जिंकला नव्या चेंडूवर. त्याच्या पिढीला मध्यावर हात बदलावा लागला. १९०६ मध्ये व्हर्सायजवळच्या ला बूली मैदानावर पहिली फ्रेंच ओपन भरली. ब्रिटिश खेळाडू खाडी पार करून आले होते. चषक घरीच राहिला, मासीकडे. पुढच्या वर्षी त्याने तीच स्पर्धा पुन्हा जिंकली. ला बूली आता त्याच्या नोकरीचे ठिकाण झाले होते.

मग आले होयलेक, जून १९०७.

होयलेक लिव्हरपूलजवळ, डी नदीच्या मुखाशी आहे. जमीन सपाट, पूर्वी तिथे घोड्यांच्या शर्यती होत. डोंगर, झाडे, आडोसा काही नाही. समुद्रावरून सुटलेला वारा थेट खेळाडूच्या छातीवर येतो. त्या वर्षी प्रथमच मुख्य स्पर्धेआधी पात्रता फेरी ठेवली होती, आणि हवेने पहिल्यापासून छळ मांडला. वारा, पाऊस, जूनमध्ये हुडहुडी. त्या दिवसांचे आकडेच सांगतात की खेळ किती अवघड झाला होता. मासीच्या चार फेऱ्या ७६, ८१, ७८ आणि ७७. आजच्या काळात असे आकडे लावणारा दुसऱ्या दिवशी घरी जाईल. तेव्हा जगात त्यांच्याहून चांगले कुणालाच जमले नाही.

तीन फेऱ्या झाल्या तेव्हा टेलर एका फटक्याने पुढे होता. टेलर म्हणजे वाऱ्यातला बादशहा. टोपी डोळ्यांवर ओढायची, पाय जमिनीत रोवायचे आणि चेंडू बाणासारखा खालून मारायचा, ही त्याची रीत. अशा हवेत त्याच्या मागे एका फटक्याने असणे म्हणजे हरल्यातच जमा, असे कुणीही म्हटले असते. पण शेवटच्या फेरीत तिसऱ्या होलवरच टेलरला सात फटके लागले. मासीने हे ओझे डोक्यात घेतले नाही, की आनंदाने हात सैल सोडला नाही. तो ७७ वर थांबला, टेलर ८० वर. एकूण ३१२ विरुद्ध ३१४. तिसऱ्या क्रमांकावरचे खेळाडू आणखी तीन फटके मागे. आदल्या दोन वर्षांचा विजेता ब्रेड त्यांच्याही मागे. बिचारा टेलर तर सलग चौथ्या वर्षी दुसरा आला होता. पण त्याने हिंमत सोडली नाही आणि १९१३ मध्ये याच होयलेकवर, याहून भयंकर वाऱ्यात, ओपन जिंकली.

बक्षीस घेताना मासीने ब्रिटन आणि फ्रान्स यांच्यातल्या 'आंतांत कोर्दियाल'चा जयजयकार केला, असे सांगतात. शतकानुशतके एकमेकांशी लढलेल्या या दोन देशांनी १९०४ मध्ये केलेला तो मैत्रीचा करार अजून ताजा होता. स्कॉटिश बायको असलेल्या फ्रेंच माणसाच्या तोंडून तो जयजयकार यावा यात औपचारिकता थोडी आणि घरगुती सत्य जास्त होते. त्याच आठवड्यात त्याला मुलगी झाली. तिच्या नावात त्याने 'होयलेक' घातले. इंग्लंडच्या एका गावाचे नाव फ्रेंच मुलीला लागले आणि ते सहज वाटावे, असे त्याचे आयुष्य झाले होते.

हा विजय नशिबाचा होता का, असा प्रश्न तेव्हाही निघाला असेल. उत्तर १९११ मध्ये इंग्लंडमधल्या सँडविचला मिळाले. त्या वर्षी ओपनच्या चार फेऱ्यांनंतर मासी आणि हॅरी व्हार्डन ३०३ फटक्यांवर बरोबरीत राहिले. बरोबरी सोडवायला तेव्हा आणखी ३६ होल खेळत. व्हार्डनला काही वर्षांपूर्वी क्षयाने गाठले होते आणि आजारानंतर त्याचा हात छोट्या पटला थरथरायचा, हे सर्वांना माहीत होते. पण त्या दिवशी तो जुन्या तेजात खेळला. मासी मागे पडत गेला आणि ३५ व्या होलवर त्याने हार मान्य केली. व्हार्डनचे ते पाचवे विजेतेपद. त्या शतकाच्या आरंभी जगातल्या सर्वांत मोठ्या गोल्फपटूला जादा फेऱ्या खेळायला लावणारा माणूस एका आठवड्याचा पाहुणा नव्हता. त्याच साली मासीने तिसरी फ्रेंच ओपन जिंकली. त्याच साली त्याचे 'ल गोल्फ' हे पुस्तक पॅरिसमध्ये निघाले, आणि पुढे इंग्रजीतही आले. सार्डिनच्या होडीवरून आलेला मुलगा आता साहेबांच्या खेळावर साहेबांना वाचायला पुस्तक देत होता. यातले यश सुरईइतकेच मोठे आहे, असे म्हणायला हरकत नाही.

मासी एकटा नव्हता, ही गोष्ट विसरली जाते. बियारित्झच्या त्या कॅडी पोरांतून एक पिढीच उभी राहिली. झाँ गासिया त्यांतलाच. त्याने १९१२ ची फ्रेंच ओपन जिंकली आणि ज्या ठोकळ्यासारख्या जाड लाकडी काठीने तो पटिंग करी, तिला त्याचेच नाव पडले. १९१३ मध्ये अमेरिकेचे व्यावसायिक ला बूलीला आले. त्यांच्यात लागोपाठ दोन वर्षे अमेरिकन ओपन जिंकलेला जॉन मॅकडरमॉट होता. फ्रान्सने त्यांचा ६–० असा पाडाव केला. आज हे वाचताना डोळे चोळावेसे वाटतात. पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर फ्रान्स गोल्फमध्ये खरोखर एक सत्ता होऊ पाहत होता.

युद्धाने ते होऊ दिले नाही. १९१४ मध्ये मासी सदतीस वर्षांचा होता. तो फ्रेंच सैन्यात गेला आणि व्हर्दाँच्या रणात जखमी झाला. व्हर्दाँ हे नाव फ्रान्समध्ये आजही दबक्या आवाजात घेतात. १९१६ मध्ये दहा महिने चाललेली ती लढाई माणसांची गिरणी होती. ओपन १९१५ ते १९१९ भरलीच नाही. खेळाडूच्या आयुष्यात अडतीस ते बेचाळीस ही वर्षे, विशेषतः ज्याचा धंदा हाताच्या नजाकतीवर चालतो त्याची, किती मोलाची असतात याचा हिशेब मांडता येत नाही.

त्यानंतरचा मासी हाच या कहाणीतला सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत हृद्य भाग आहे. सामान्य रीतीने पाहता तो युद्धानंतर शिकवत, काठ्या विकत, जुन्या आठवणी सांगत निवृत्त व्हायला हवा होता. पण १९२५ मध्ये, अठ्ठेचाळिशीच्या घरात, त्याने चौथ्यांदा फ्रेंच ओपन जिंकली. पहिल्या आणि चौथ्या विजयात १९ वर्षांचे अंतर, आणि मधोमध एक महायुद्ध. स्पेनची पहिली राष्ट्रीय ओपन त्याने १९१२ मध्ये जिंकली होती. ती त्याने १९२७ आणि १९२८ मध्ये पुन्हा लागोपाठ जिंकली. तेव्हा तो पन्नाशीत होता. समोरचे काही खेळाडू त्याने पहिला चषक उचलला तेव्हा शाळेत असतील. दोन्ही कालखंडांत जिंकणारा असा मासी, हेच त्याचे खरे मोठेपण. १९०७ च्या एका ओळीत हा पन्नाशीतला मासी मावत नाही.

१६ एप्रिल १९५० रोजी नॉर्मंडीत, एत्रता इथे त्याचे निधन झाले. पांढऱ्या कड्यांचे हे गाव चित्रकार मोनेच्या चित्रांतून जगाला माहीत आहे. त्या कड्यांच्या माथ्यावरही गोल्फचे मैदान आहे.

मासीनंतर फ्रान्समध्ये गोल्फ संपला नाही, पण त्याचे स्थान बदलले. सायकल, रग्बी, फुटबॉल आणि टेनिस यांनी लोकांचे मन काबीज केले. गोल्फ क्लबांच्या कुंपणाआड राहिला. मासी आणि गासियासारखे कॅडी घडवणारी हिवाळी ब्रिटिश वसाहतही दोन युद्धांत विरली. पुढची मोठी फ्रेंच नावे वेगळ्याच घरांतून आली. १९२७ ची ब्रिटिश महिला हौशी विजेती सिमोन तिओं द ला शोम. तिचे लग्न टेनिसपटू रेने लाकोस्तशी झाले. त्यांची मुलगी कॅथरीन लाकोस्त हिने १९६७ मध्ये हौशी म्हणून अमेरिकन महिला ओपन जिंकली. महिला व्यावसायिकांतही फ्रान्सला यश लाभले. सेलीन बुतिए हिने २०२३ मध्ये एव्हियाँची प्रमुख स्पर्धा आपल्याच देशात जिंकली. पुरुषांच्या खात्यात मात्र मासीखाली रेघ मारलेली राहिली.

ती रेघ पुसायला एक माणूस एका होलइतका जवळ आला होता. जुलै १९९९, स्कॉटलंडचे कार्नूस्टी. झाँ व्हान द व्हेल्ड मासीच्याच नैऋत्य फ्रान्समधला, मोंत-द-मार्सां इथे जन्मलेला. पात्रता फेरीतून आलेल्या या खेळाडूकडे ७२ व्या होलवर तीन फटक्यांची आघाडी होती. सहा फटके लागले असते तरी सुरई त्याची होती. पहिला फटका उजवीकडे गेला, तरी वाचला. दुसरा प्रेक्षकांच्या गॅलरीच्या कठड्यावर आदळला, तिथून ओढ्याच्या दगडी भिंतीवर, आणि मागे उसळून गुडघाभर गवतात. तिसरा बॅरी बर्न नावाच्या ओढ्यात. त्याने बूट-मोजे काढले, विजार दुमडली आणि चेंडू पाण्यातून मारता येतो का ते पाहायला तो ओढ्यात उतरला. मारला नाही. दंड घेतला, पुढचा चेंडू वाळूत गेला, आणि अखेर दोन मीटरांच्या आसपासचा कठीण पट त्याने घातला तो सात फटक्यांसाठी. तिघांत बरोबरी झाली आणि जादा होलमध्ये दहा फटके मागून आलेला स्कॉटिश पॉल लॉरी जिंकला.

त्या ओढ्यातल्या अनवाणी छायाचित्राने व्हान द व्हेल्डची सारी कारकीर्द गिळली. १९९३ मध्ये रोममध्ये त्याने युरोपीय टूरवरची स्पर्धा जिंकली होती. कार्नूस्टीच्या त्याच वर्षी युरोप-अमेरिका लढतीच्या रायडर चषकात खेळणारा तो पहिला फ्रेंच ठरला. गुडघ्याच्या दुखण्यातून उठून २००६ मध्ये त्याने मदेराची ओपन जिंकली. हे कुणाला आठवत नाही. मासीला एका विजयाने बंद केले, व्हान द व्हेल्डला एका पराभवाने. दोघांवरचा अन्याय एकाच जातीचा आहे, आणि मासीची कारकीर्द नीट सांगायची निकड त्यातूनच येते. २००२ मध्ये म्युरफील्डवर आणखी एक फ्रेंच, तोमा लव्हे, जादा होलपर्यंत जाऊन अर्नी एल्सकडून हरला. नॉर्थ बेरिकहून म्युरफील्ड हाकेच्या अंतरावर आहे.

जानेवारी २०२४ मध्ये कॅलिफोर्नियात माथ्यू पाव्हों या फ्रेंच खेळाडूने अमेरिकन टूरवरची स्पर्धा जिंकली, तेव्हा वृत्तपत्रांना इतिहास शोधावा लागला. मागे जाता जाता ते १९०७ वर येऊन थांबले. ११७ वर्षांनी आर्नो मासी पुन्हा मथळ्यात आला. पुन्हा एका ओळीपुरता.

त्या ओळीच्या आधी काय आणि नंतर काय, हे आता पाहायचे आहे. त्यासाठी होयलेकच्या बक्षीस समारंभापासून निघून भागणार नाही. एकोणीस वर्षे मागे जायला हवे, १८८८ च्या बियारित्झमध्ये. दीपगृहाजवळच्या कड्यांवर दोन स्कॉटिश भाऊ दोऱ्या-खुंट्या घेऊन जमीन मोजत आहेत, खाली बंदरात सार्डिनच्या होड्या परतत आहेत, आणि त्यांपैकी एका होडीवरचा अकरा वर्षांचा मुलगा त्या परक्यांचे काय चालले आहे हे पाहायला अजून वर चढलेला नाही.